बेस कॅम्पच्या वाटेवर सोबत कोणाची? लांबच्या ट्रेकसाठी सोबती निवडण्याची रीत

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर, लोबुचेच्या लॉजमध्ये पहाटे साडेपाचला माझा मित्र पलंगाच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होता. एक बूट पायात, दुसरा हातात. मी सॅक भरली, स्वयंपाकघरातून गरम पाण्याच्या बाटल्या भरून आणल्या, तरी तो त्याच नाडीशी झटत होता. गाठ मारायचा, सोडायचा, पुन्हा मारायचा. "अरे, काय चाललंय?" असं विचारलं तर नुसता हसला आणि काहीतरी पुटपुटला. मी त्याला उभं केलं आणि जमिनीच्या फळ्यांमधल्या रेघेवरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो भिंतीवर गेला.

लोबुचे साधारण ४९१० मीटरवर आहे. उंचीवरच्या विरळ हवेमुळे मेंदूला सूज येऊ लागली की माणसाचा तोल आधी जातो, हे मला वाचून माहीत होतं. गाईड आणि मी त्याला दोन्ही बाजूंनी धरून तसेच खाली निघालो, थुकला मागे टाकून थेट फेरिचेपर्यंत उतरलो. तिथल्या आरोग्यकेंद्रात ऑक्सिजन आणि औषध मिळालं आणि दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने तो काठमांडूला गेला. आज तो ठणठणीत आहे. पण नंतर कळलं की डिंगबोचेपासूनच त्याचं डोकं ठणकत होतं. दोन दिवस त्याने ते लपवलं होतं. का, तर "तुझा ट्रेक खराब होईल म्हणून."

आमची अठरा वर्षांची मैत्री. एकमेकांच्या घरी उठबस, लग्नकार्यात बरोबरीने राबणं, सगळं होतं. मात्र एक दिवसाच्या किल्ल्यापलीकडे आम्ही कधी एकत्र चाललो नव्हतो, आणि "मला होत नाहीये" हे वाक्य त्याने माझ्यासमोर किंवा मी त्याच्यासमोर कधीच उच्चारलं नव्हतं. तेव्हापासून लांबच्या ट्रेकचा सोबती निवडताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो. हा माणूस स्वतःच्या शरीराबद्दल वेळेवर खरं सांगतो का, आणि मी सांगितलं तर ऐकून घेतो का? चाल, पैसे, खाणं, झोप हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण ते जुळवून घेता येतं. हे एक नसेल तर बाकीचं जुळून उपयोग नाही.

आणि हे आधी तपासता येतं. त्याला चार-पाच महिने लागतात. एप्रिलमध्ये जायचं असेल तर दिवाळीनंतर सुरुवात करा. ऑक्टोबरमध्ये जायचं असेल तर मुक्कामी ट्रेक फेब्रुवारीच्या आत उरकून घ्या, कारण मार्चनंतर सह्याद्रीत पाण्याचे हाल होतात आणि उन्हाने घायकुतीला आलेल्या माणसाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

पायरी पहिली: वाट काय मागते ते बघा

मी इथे एव्हरेस्ट बेस कॅम्पची वाट धरून लिहितोय, कारण मराठी ट्रेकर नेपाळात सर्वाधिक जातात त्या वाटांपैकी ती एक आहे आणि मी ती दोनदा चाललो आहे. अन्नपूर्णा सर्किट असो की हिमाचल-उत्तराखंडातली एखादी लांबची खिंड, रीत तीच.

लुक्ला २८६० मीटर. पहिला मुक्काम फाकडिंगला, थोडं खाली. मग नामचे ३४४० मीटर, तिथे दोन रात्री. तेंगबोचे ३८६०, डिंगबोचे ४४१०, तिथे पुन्हा दोन रात्री. मग लोबुचे, गोरक्षेप आणि ५३६४ मीटरवरचा बेस कॅम्प. जाऊन-येऊन साधारण १३० किलोमीटर, बारा ते चौदा दिवस. वरच्या टोकाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो.

नकाशावर दिसत नाही ती गोष्ट अशी, की हे बारा-चौदा दिवस तुम्ही चोवीस तास एकाच माणसाबरोबर असता. खोली म्हणजे प्लायवूडच्या चार भिंती आणि दोन पलंग. संध्याकाळी चारनंतर सगळे जेवणघरातल्या एकुलत्या एका शेगडीभोवती. वर जाल तशी अंघोळ बंद. झोप तुटक. एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. उंचीवर झोपेत काही सेकंद श्वास थांबतो आणि मग एकदम जोरात सुरू होतो. बहुतेकांना हे होतं आणि त्यात घाबरण्यासारखं सहसा नसतं, पण शेजारच्या पलंगावरच्या माणसाचा मात्र जीव वरखाली होतो.

नवख्यांना वाटतं, चढाचे दिवस कठीण. माझ्या अनुभवात सोबत तुटते ती मुक्कामाच्या दिवशी, नामचे आणि डिंगबोचेला. शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून तिथे जादा रात्र काढायची असते. उतावळ्या माणसाला ती वाया गेल्यासारखी वाटते. "आपण फिट आहोत, पुढे सरकू या" हे वाक्य तिथेच निघतं. उंचीच्या आजाराचा फिटनेसशी संबंध नाही. मॅरेथॉन धावणारा आडवा होतो आणि साठीची बाई हसतखेळत पोचते. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम घ्यायचा, हा नियम ज्याला मनापासून पटलेला नाही तो सोबती नको, मग तो कितीही काटक असो.

पायरी दुसरी: आधी स्वतःचा कागद लिहा

दुसऱ्याला तपासण्याआधी एक पानभर स्वतःबद्दल लिहा. का जाताय? फोटोसाठी, शांततेसाठी, वडिलांची राहिलेली इच्छा म्हणून, काहीही असू दे, पण खरं असू दे. पहाटे उठवतं का? घोरता का? भूक लागली की कसे वागता? रोजच्या गोळ्या कोणत्या? गुडघा, पाठ, दमा, मायग्रेन, बीपी, साखर? पैसे किती खर्च करू शकता, आणि अडचण आली तर वर किती?

माझ्या कागदावर पहिली ओळ अशी आहे: "भूक लागली की मी बोलणं बंद करतो. समोरच्याला वाटतं मी रागावलोय. मला फक्त खजूर द्या." ही एक ओळ आधी सांगून ठेवल्यामुळे नंतरच्या ट्रेकमध्ये किती गैरसमज टळले, ते मीच जाणतो.

हा कागद पुढे सोबत्याला द्यायचा आहे. म्हणून तो लिहितानाच जिथे हात अडखळेल तिथे थांबून विचार करा. जे तुम्हाला कागदावर लिहवत नाही, ते ४९०० मीटरवर रात्री दोन वाजता तोंडाने सांगवणार आहे का?

पायरी तिसरी: नावं काढा, आणि भीड सोडा

पाच-सहा नावं लिहा. ज्यांच्याबरोबर जायला आवडेल त्यांची नकोत, ज्यांना तुम्ही थकलेलं पाहिलंय त्यांची लिहा. ऑफिसातला हसतमुख सहकारी, कट्ट्यावरचा गप्पिष्ट मित्र, सख्खा मावसभाऊ, यांना तुम्ही दमून, भिजून, उपाशीपोटी पाहिलं आहे का? नसेल तर त्यांच्याबद्दल तुम्हाला अजून काही माहीत नाही.

१९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेत हिलरी आणि तेनझिंग यांची जोडी काही जुन्या दोस्तीतून जमलेली नव्हती. खुंबू हिमप्रपातातून उतरताना हिलरी एका भेगेत कोसळले आणि तेनझिंग यांनी दोर आवळून त्यांना सावरलं. त्यानंतर हिलरींनी त्यांच्याबरोबर चालायचं मनावर घेतलं. एका प्रसंगात त्यांना जे दिसलं ते शंभर गप्पांत दिसलं नसतं. आपल्याला हिमभेगेची गरज नाही, भर पावसात वाट चुकलेला एक दिवसही पुरतो.

खरी अडचण वेगळीच असते. आपल्याकडे "मी पण येतो" म्हणणाऱ्याला नाही म्हणवत नाही. भावाचा मेहुणा, साहेबांचा मुलगा, सोसायटीतले शेजारी. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते इथे शब्दशः खरं ठरतं, कारण अशा सोबतीची किंमत शेवटी पैशांत आणि तब्येतीत मोजावी लागते. नाही म्हणायची सोपी रीत म्हणजे माणसाला नाही न म्हणता क्रम सांगायचा: "माझी पद्धत अशी आहे, आधी दोन मुक्कामांचा ट्रेक एकत्र करायचा, मग तिकिटं. डिसेंबरात येतोस का?" निम्मी मंडळी इथेच गळतात, कोणाचंही मन न दुखावता. जे येतात त्यांना पुढच्या पायरीवर न्यायचं.

पायरी चौथी: समोरासमोर बसून बोलणं

फोनवर नको, मेसेजवर तर नकोच. दोन तास मोकळे काढून बसा आणि कागद अदलाबदल करा. मी हे प्रश्न विचारतो:

• बेस कॅम्प गाठला नाही तर हा ट्रेक फुकट गेला असं तुला वाटेल का?
• आपल्यापैकी एकाला उतरावं लागलं तर दुसऱ्याने काय करायचं?
• याआधी कधी अर्ध्यातून परत फिरलायस? का?
• तू आजारी पडल्याचं घरच्यांना कधी सांगतोस, लगेच की बरं झाल्यावर?
• डॉक्टरांनी काय काय सांगितलंय?
• एका दिवसाचा खर्च किती झाला की तुझ्या पोटात गोळा येईल?

चौथा प्रश्न साधा दिसतो, पण मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. "उगाच कशाला त्यांना काळजी" असं म्हणणारा माणूस चांगलाच असतो, बऱ्याचदा घरातला कर्ताधर्ता असतो. पण तोच दोन दिवस डोकेदुखी लपवतो. त्याला लगेच बाद करू नका, त्याच्याशी उघड बोला. माझा मित्र असाच होता, आणि मी हा प्रश्न विचारला असता तर लोबुचेची ती पहाट बहुधा आलीच नसती.

तिसऱ्या प्रश्नाला "मी कधीच परत फिरलो नाही" असं अभिमानाने उत्तर आलं तर सावध व्हा.

स्त्री-सोबती असेल किंवा तुम्ही स्वतः स्त्री असाल तर पाळीचा विषय याच बैठकीत निघायला हवा. "आज दुसरा दिवस आहे, मी हळू चालणार" हे ज्याच्यापुढे संकोच न करता म्हणता येईल त्याचीच सोबत घ्या. नवरा-बायकोंनी तर ही बैठक आवर्जून घ्यावी. घरात एकमेकांचं न बोलता कळतं, अशी सवय झालेली असते. डोंगरात न बोलता काहीच कळत नाही.

पायरी पाचवी: चाल मोजा

पुण्याजवळ असाल तर आतकरवाडीतून सिंहगड, मुंबई-नाशिककडचे असाल तर बारी गावातून कळसूबाई. १६४६ मीटरचं महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, चढही सलग. दोघांच्या पाठीवर सारखंच ओझं, सात-आठ किलो. एकत्र निघा, पण आपापल्या चालीने चढा आणि वेळ लिहून ठेवा.

समजा सिंहगड तुम्हाला साठ मिनिटं लागली आणि सोबत्याला ऐंशी. वीस मिनिटांचा फरक म्हणजे किरकोळ वाटतो. तोच हिशेब सहा तासांच्या दिवसाला लावा, फरक दोन तासांचा होतो. म्हणजे रोज दोन तास एक जण थंडीत वाट बघत उभा आणि दुसरा मनावर ओझं घेऊन घाईने चढतोय. उंचीवर घाई तर घातकच.

चाल थोडी वेगळी असेल तर हरकत नाही. वेगाने चालणाऱ्याला हळू चालता येतं का, हे पाहा. म्हणून दुसऱ्या आठवड्यात त्याच वाटेवर हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि दुसऱ्याने पूर्ण वेळ त्याच्या मागे चालायचं. सारखा "चल, चल" म्हणतो का? मध्येच पुढे सटकतो का? थांब्यावर मागचा माणूस पोचताक्षणी उठून चालू लागतो का? ही शेवटची खोड फार वाईट. मागून येणाऱ्याला कधी विश्रांतीच मिळत नाही.

पायरी सहावी: दोन मुक्काम, पाठीवर सगळं सामान

सगळ्या पायऱ्यांमध्ये ही मुख्य. ही गाळून तिकीट काढू नका.

माझी आवडती वाट राजगड-तोरणा. गुंजवण्यातून राजगड चढायचा, पद्मावती माचीवर पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून आळू दरवाज्याने बाहेर पडून डोंगरधारेने तोरण्याकडे, बुधला माचीवरून वर आणि मेंगाई देवीच्या देवळाजवळ दुसरा मुक्काम. तिसऱ्या दिवशी वेल्ह्यात उतरायचं. नाशिक-नगरकडच्यांना रतनगडावरून कात्राबाई खिंडीने हरिश्चंद्रगड ही तितकीच चांगली. मुक्कामाचे नियम बदलत असतात, म्हणून पायथ्याच्या गावात आधी चौकशी करा आणि वाट माहीत नसेल तर गावातला माणूस बरोबर घ्या. त्या मामांशी वाटेत तुमचा सोबती कसा वागतो, तेही पाहायचंच आहे. जो त्यांना "ए" म्हणून हाक मारतो, त्याचा पुढे पोर्टरशी कसा सूर लागेल हे सांगायला नको.

स्टोव्ह, शिधा, कॅरीमॅट, सगळं दोघांत वाटून पाठीवर. कोणी काय उचललं ते बघा. धारेवर हिवाळ्यातही पाण्याचा भरवसा नसतो, माणशी चार लिटर घेऊनच निघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोननंतर खरा माणूस दिसू लागतो. त्यावेळी मी काय पाहिलं, ते सांगतो. लोबुचेच्या त्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांबरोबर मी ही वाट केली. वय छप्पन्न, चाल माझ्यापेक्षा हळू. आमची ओळख जेमतेम चार महिन्यांची. धारेवर एका ठिकाणी गुरांच्या वाटांनी आम्हाला चकवलं आणि आम्ही कारवीच्या झुडपांत शिरलो. मी पुढे घुसायच्या बेतात होतो. काकांनी सॅक खाली ठेवली आणि म्हणाले, "थांब रे. शेवटची ओळखीची खूण कुठली होती, ते आधी ठरवू. तिथवर मागे जाऊ." मग आपणहून म्हणाले, "माझ्याकडे दीड लिटर उरलंय. तुझ्याकडे?" आणि वीस पावलांवर, "डावा गुडघा मघापासून बोलायला लागलाय. अजून चालेन, पण उतार आला की मी काठी घेणार आणि हळू येणार."

तक्रारीचा सूर नव्हता, बढाईचाही नव्हता. पाणी किती, गुडघा कसा, पुढे काय करणार, एवढंच. मेंगाईच्या देवळाशी पोचायला आम्हाला अंधार झाला, पण त्या संध्याकाळी खिचडीचं भांडं घासताना मी मनात ठरवून टाकलं की बेस कॅम्पला जाईन तर यांच्याबरोबर.

तुम्ही काय बघावं? पहाटे ठरलेल्या वेळी सॅक बांधून कोण तयार असतं. पाणी संपत आलेलं आधी सांगतो की संपल्यावर. वाट चुकल्यावर दोष कोणाचा यावर बोलतो की पुढे काय यावर. शेवटच्या तासात त्याची भाषा बदलते का. तुम्ही "थोडं थांबू" म्हटल्यावर कपाळाला आठी पडते का. आणि हेच सगळं स्वतःबद्दलही बघा, कारण तिकडून तुमचीही पारख चाललेली आहे.

एक छोटी चाचणी मी मुद्दाम करतो. दुपारी एकदा खरोखर दमलो की "मला आता जड जातंय" असं स्पष्ट म्हणतो. समोरचा "काय राव, एवढ्यात?" म्हणाला तर पुढच्या वेळी मी सांगणार नाही, हे मला माझ्याबद्दल ठाऊक आहे. माणसं लपवायला शिकतात ती अशाच चिडवण्यातून. मजेमजेत बोललेलं असतं, पण तोंड बंद होतं ते होतंच.

परतल्यावर आठवडाभर निर्णय घेऊ नका. घरी येऊन गरम पाण्याने अंघोळ केली की सगळंच गोड वाटतं. आठ दिवसांनी स्वतःला विचारा, की असे आणखी दहा दिवस त्याच माणसाबरोबर, बिन अंघोळीचे, काढवतील का?

पायरी सातवी: पैशांचं आधीच मिटवा

टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) करणार की समाईक पाकीट? माझं मत, समाईक पाकीट ठेवावं. दोघांनी सारखी रक्कम घालायची, खोली-जेवण-चहा त्यातून, आणि मोबाईल चार्जिंग, वायफाय, गरम पाण्याची अंघोळ, बेकरीतला केक हे ज्याचं त्याने. उंचीबरोबर दर चढत जातात, कारण बहुतेक वस्तू माणसांच्या किंवा जनावरांच्या पाठीवरून वर येतात. शंभर-दोनशे रुपयांवरून धुसफूस होते ती वरच.

खाण्याचंही याच वेळी बोला. डाळ-भात मागितला की पुन्हा पुन्हा वाढतात, शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. नामचेच्या वर मांस टाळलेलं बरं, ते खालून कित्येक दिवस वाहून आणलेलं असतं. उपास करणाऱ्याने ट्रेकमध्ये उपास धरणार का, तेही आधीच सांगावं.

विमा दोघांचाही हवा, आणि त्यात ६००० मीटरपर्यंतचा ट्रेक व हेलिकॉप्टरने सुटका हे दोन्ही लिहिलेलं आहे, याची खात्री करून घ्या. एकाचा विमा आहे आणि दुसऱ्याचा नाही, ही जोडी मी चालवून घेत नाही. हेलिकॉप्टरचं बिल काही हजार डॉलरमध्ये जातं आणि त्या घटकेला ते कोणी भरायचं, यावर चर्चा करायला वेळ नसतो.

सहसा दोघांत एक पोर्टर घेतात. इथे एक पेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही: तुम्ही दोघं वेगळे झालात तर सामान कोणाबरोबर जाणार? म्हणून डफेल बॅगा दोन वेगळ्या भरा, एकत्र कोंबू नका. आणि पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, रोख पैसे, विम्याचा कागद, स्वतःची औषधं आणि एक गरम जॅकेट प्रत्येकाच्या स्वतःच्या पाठीवर.

पायरी आठवी: आपसांतला करार

निघण्याच्या महिनाभर आधी एका कागदावर पाच-सात ओळी लिहा आणि दोघांनी सही करा. सही ऐकून लोकांना अवघडल्यासारखं होतं, पण वर जेव्हा डोकं नीट चालत नाही तेव्हा खाली शुद्धीत लिहिलेलं कामी येतं.

आमच्या कागदातली पहिली ओळ: रोज रात्री जेवणाआधी चार प्रश्न. डोकं दुखतंय का, मळमळ किंवा भूक मेलेली आहे का, थकवा किती, गरगरतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. लेक लुईस या नावाची उंचीच्या आजाराची मोजपट्टी याच चार लक्षणांवर बेतलेली आहे. डोकेदुखी आहे आणि बेरीज तीन किंवा जास्त आली, तर तो उंचीचा आजार धरायचा आणि दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही. गुण मोठ्याने सांगायचे आणि वहीत लिहायचे. आकडा सांगायला माणसाला लाज वाटत नाही, "मला त्रास होतोय" म्हणायला वाटते, असा माझा अनुभव आहे. गाईड जोडीला असेल तर त्यालाही रोज आकडे सांगा.

दुसरी ओळ: सरळ रेघेत टाचेला अंगठा लावून चालता आलं नाही, बोलण्यात घोळ झाला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो की पहाट, उतरायचं. साधारण ३०० ते १००० मीटर उतरल्यावर फरक पडू लागतो. आजारी माणूस एकटा उतरणार नाही.

तिसरी: दोघांपैकी एकाने "परत" म्हटलं की परत. मतदान नाही.

या तिसऱ्या ओळीवर बहुतेक जण अडतात. २६ मे १९५३ला, हिलरी-तेनझिंग यांच्याच मोहिमेतले चार्ल्स एव्हान्स आणि टॉम बोर्डिलन एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरावर पोचले होते. मुख्य शिखर सुमारे शंभर मीटर वर राहिलं होतं आणि तिथवर तेव्हा कोणीही पोचलेलं नव्हतं. बोर्डिलन यांना पुढे जायचं होतं. प्राणवायूचा हिशेब करून एव्हान्स नको म्हणाले. दोघंही फिरले, उतरताना घसरले, दमून अर्धमेले झाले, पण छावणीत जिवंत पोचले. तीन दिवसांनी हिलरी-तेनझिंग वर गेले. जगातलं पहिलं पाऊल समोर असताना एकाच्या शब्दावर दुसरा फिरला. आपल्याला तर फक्त एक ट्रेक पुढच्या वर्षावर टाकायचा असतो.

चौथी ओळ घरच्यांसाठी: दोघांच्या घरी एकमेकांच्या घरचे नंबर, आणि बातमी कोणी कळवायची ते ठरलेलं.

औषधांचं मात्र आपसांत ठरवू नका. डायमॉक्स ही उंचीच्या आजारासाठीची गोळी घ्यायची का, किती, सल्फाची ॲलर्जी आहे का, हे आपापल्या डॉक्टरांना विचारून यायचं आणि एकमेकांना सांगून ठेवायचं.

वाटेत बिनसलं तर

एवढं सगळं करूनही बिनसू शकतं. खोकल्याने झोप नाही, नाक वाहतंय, आणि समोरचा तिसऱ्यांदा तीच गोष्ट सांगतोय. अशा वेळी एक दिवस वेगवेगळं चाला. पुढचा थांबा आणि तिथे भेटायची वेळ ठरवून, गाईड मागच्याबरोबर ठेवून. जेवताना दुसऱ्या टेबलावर बसा. शक्य असेल तर एक रात्र वेगळी खोली घ्या, त्यात कोणाचा अपमान नाही. वाद मात्र चढावर घालू नका. आधी मुक्काम, पोटात काहीतरी गरम, मग बोला. रिकाम्या पोटी आणि कमी प्राणवायूत माणूस जे बोलतो ते नंतर मागे घेणं अवघड जातं.

सोबती नियम मोडू लागला, आकडे खोटे सांगतोय असं वाटलं, तर गाईडला सांगा. चुगली म्हणून नव्हे, तो त्याच्या कामाचा भाग आहे.

काका आणि मी गोरक्षेपला पोचलो त्या संध्याकाळी शेगडीपाशी बसून वही उघडली. बेस कॅम्प दुपारीच झाला होता, पहाटे काला पत्थर या जवळच्या, आणखी उंच टेकडीवर जायचं होतं. "डोकं एक, भूक एक, थकवा एक," काका म्हणाले. बेरीज तीन. माझी बेरीज एक होती. त्यांनीच वही बंद केली आणि म्हणाले, "मी पहाटे येत नाही. तू गाईडबरोबर जा, आठपर्यंत परत ये, मग आपण उतरू. नाही आलास तर मी पोर्टरबरोबर लोबुचेला निघालो असं समज." त्या रात्री मी दोनदा उठून त्यांना हाक मारली. दोन्ही वेळा त्यांनी नाव, वार आणि गावाचं नाव नीट सांगितलं. पहाटे उठवून रेघेवर चालायला लावलं, पाऊल कुठे चुकलं नाही, तेव्हाच मी निघालो.

पावणेआठला मी परत आलो तेव्हा ते बूट घालून, दोन्ही नाड्या घट्ट बांधून, दाराशी उन्हात बसले होते. माझ्यासाठी आल्याचा चहा मागवून ठेवला होता.